गरिबी दिसंना म्हणले

माझं माहेर घाटनांदूरचं, सासर चौसाळ्याकडली एक वाडी. रान हाय, पण दुष्काळात हिरीत बादली बुडत न्हाई, मंग दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत टाकायचं अन् साखर कारखान्यावर ऊस तोडायला जायाचं, पाच-सहा महिने पाचटानं शाकारलेल्या कोपीत काढायचे. लगीन झाल्यापून हेच. काय सांगू तुम्हाला, धा गावचं पाणी पिले मी, पण कोपी माझी रोज सारवलेली, खाली बसून जेवावं अशी.

एका साली आमच्या कोप्यांच्या तळावर शिनेमावाले आलते. ऊसतोड्याचं खरंखुरं जिणं दाखवायचं म्हणले. फोटू निघणार म्हणून आमी बायांनी आदल्या दिशी लुगडी धुतली, भांडी घासली. माझी थोरली संगी, एकोणीस वर्साची, लग्नाला आलेली, तिनं तेल लावून येणी घातली. मोठा सायेब आला, तोंड वाकडं केलं, म्हणला, मावशी, हे खरं वाटत न्हाई. म्या म्हणलं, आवं सायेब, आमी ऱ्हातोच असं. म्हणला, गरिबी दिसंना. मंग त्येंच्या संगं कामाला आलेल्या पोरींनी संगीचं डोकं इस्कटलं, चुलीतली राख चोळली, पोलकं खांद्यावर फाडलं, वर म्हणल्या, डोकं खाजव. लेक माझ्याकडं बघायली. अन् मी गप बसले. मुकादम म्होरं उभा होता, अन् मला वाटलं, शिकलेली माणसं हायती, त्येंला जास्त कळत आसंल. जळो ते कळणं.

पिच्चर लई गाजलं म्हणं. बीडला लागलं तवा लोक म्हणले, किती अस्सल. संगीची सोयरीक जमलती, निस्ती सुपारी फुटायची ऱ्हायलती. तिची होणारी सासू पिच्चर बघून आली अन् निरोप धाडला, आमच्यात असली घाण चालत न्हाई. आता ती बी उसातलीच बाई, तिचं बी आयुष्य कोपीत गेलेलं, तिला तरी कळावं का न्हाई. मी तिच्या दारात जाऊन लेकीची शपथ घेतली, म्हणलं, त्येंनी राख लावली हो. ती म्हणली, तुमी शेजारीच बसलाव की पडद्यावर, काय बोलताना दिसला न्हाई.

म्होरं संगीला बिजवराला दिली. नांदती हाय, माणूस बरा हाय. मागल्या संक्रातीला आलती, भाकरी थापता थापता म्हणली, आई, त्या पोरी परक्या, तू कावून त्येंचा हात धरला न्हाईस. मी तव्यावरली भाकरी उलथली.

तुमी बसून ऐकलं, वहीत लिवून घेतलं, देव तुमचं भलं करो. पण हे इचारायला तिच्या दारात वही घिऊन जाऊ नका. गेलाव, तर ह्या बारीला तुमचा हात धरीन मी.