मुद्दाम हरलेला डाव

"परत मुद्दाम हरलीस. मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?"

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक नणंद आपल्या भावजयीवर करवादली. भावजयीचा तपासणीचा नंबर अजून यायचा होता.

"नाही हो वन्सं, खरंच सुचलं नाही."

"टी, आर, एन असलेला लांबलचक इंग्रजी शब्द मागितला, तर म्हणे 'ट्रेन'. पहिलीतलं पोरही सांगेल."

"तुमचा 'रेस्टॉरंट' मोठा होता. जिंकलात तुम्ही."

"लग्न होऊन आलीस तेव्हापासून या खेळात मला धूळ चारत होतीस. एकदा तर मी रडले, तरी सोडलं नाहीस. आणि आता वर्षभर माझीच सरशी?"

"तुम्ही हुशार झालात."

"तुला एक किडनी दिली म्हणून माझी अक्कल वाढली? मग माझ्या भावाच्या दोन्ही काढायला सांगू या."

"वन्सं, हळू बोला. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. तुला याहून मोठा शब्द येत होता. तुझ्या फाइलवरच छापलाय."

"येत होता."

"मग बोल की."

"ट्रान्सप्लांटेशन."

"हं. आता कसं हरवलंस मला."

"तुमचीच किडनी घेऊन तुम्हालाच हरवायला जीव धजत नाही हो. आभार मानायला तोंड उघडते, आणि चहा टाकू का, असंच काहीतरी विचारते. तुम्ही दिलीत म्हणून मी जिवंत आहे, वन्सं."