जऊळक्याच्या भिंतीवरची कौसी

मी मंगरूळच्या माळ्याची. माहेर बी माळ्याचं, सासर बी माळ्याचं, वांगे तोडनं आन बाजारात बसनं हेच आमचं. पन आमच्या मालकायले मातीत हात घालनं कधी जमलंच नाई. ते अकोल्याहून हवेचा ब्रश शिकून आले, आन तवापासून मी पायानं पंप दाबू आन ते मेलेल्या मानसायचे बारके फोटो मोठे करून त्यावर रंग उडवत. रंग किती, त तीन. काया, सफेदा आन गेरू. गेरू कुकवाले आन ओठाले, बाकी सारं मानूस काया-पांढऱ्यात. कोटाचा एकच कागदी साचा कापून ठेवला होता त्यायनं, तोच ठेवत आन वरून रंग मारत, म्हून आमच्या तालुक्यातले सगये मेलेले बुढे एकाच कोटात हायेत. हासू नका, खरं सांगून राह्यली.

आमाले एकच पोट्टी, कौसी. हे म्हनत तिचा फोटो काढू, फोटोवाला वयखीचा हाये. मीच आडवी आली. लेकराचा फोटो काढला का आयुष्य घटते, असं सासू म्हने, आन घरात रोज मेलेल्यायचेच फोटो पाहून माह्यं मन भेलं होतं. सहा वर्साची होती, तापात गेली, तीन दिवसात. काय सांगू तुमाले. त्यायनं मले एका शब्दानं बोल लावला नाई. लावाले पाह्यजे होता.

मंग वर्सभरानं जऊळक्याचे एक पाटील आले. घरच्या सगयायचा फोटो होता, त्यात त्यायची मेलेली पोरगी सुभद्री, पन फोटो काढताना ते हालली, म्हून तोंडाच्या जागी नुसता धूर. म्हने झंपर हाये, हात हायेत, तोंड तुमी भरा मास्तर, कपाय मोठं होतं, डोये टपोरे.

मी पंप दाबून राह्यली. पह्यले कपाय आलं, मंग भिवया, मंग डावा डोया जरासा बारीक, कौसीचा होता तसा. माहा पाय थांबला. हे म्हने दाब वं, हवा तुटते. मी रडत रडत दाबला. गेरू ओठावर उडाला आन कौसी माह्याकडे पाहाले लागली. मी म्हटलं, अवो, हे देऊ नका, त्यायले दुसरं काढून द्या. म्हने त्या मानसाले शबूद देला, आपल्याले मी दुसरं काढतो. पाटलानं पाह्यलं आन फेट्याचं टोक डोयाले लावलं, म्हने हेच माह्यी सुभी. घेऊन गेले.

मंग आमच्यासाठी काढाले कितीकदा बसले. दुसऱ्याची म्हून काढली तवा आली, आपली म्हून काढाले गेलं का येतच नसे, कागद फाडून टाकत. तसेच, न काढताच, वारले ते बी.

मी दर अखाजीले, पितरायच्या सनाले, मोगऱ्याचा हार घेऊन जऊळक्याले जात आली. पाटलीनबाईले वाटे, मास्तरची बायको हाये, मायेनं येते. औंदा गेली त पाटील वारलेले, बाई एकटीच. मले जवय बसवलं आन म्हने, यायच्या जितेपनी बोलली नाई, पन हे माह्या सुभीचं तोंड नोहे वं. माह्या सुभीचं नाक बसकं होतं. इतके साल मी कोनाच्या लेकरापुढं हात जोडून राह्यली, तुमाले ठाऊक असंन त सांगा.

खरं सांगतलं असतं त तिनं फोटो उतरवून माह्या पदरात घातला असता, मन चांगलं हाये तिचं. पन मंग तिच्यापाशी काय राह्यलं असतं? तो धूर. मी म्हटलं, नाई पाटलीनबाई, तुमचीच हाये. इतक्या वर्सानं मायले बी लेकराचं नाक याद राहात नाई.

रडली बिचारी. म्हने असं असंन.

तुमी लिहून राह्यले त लिहा, पन जऊळक्यात कोनाले वाचून दाखवू नका. रोज सांजच्याले दिवा लागते तिच्यापुढं. लागू द्या बापा.