काकूंचा ट्रेलर आणि काकांचा प्रेशर वॉशर

अरे, इकडे अमेरिकेत नेपरव्हिलला आमच्या शेजारच्या अरुणकाका-शैलाकाकूंनी रिटायर झाल्यावर ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर) घेतलाय ना, त्याची गंमत सांगतो. हिवाळाभर ड्राइव्हवेत उभा राहून तो पार मळला होता. पहिल्या ट्रिपच्या आदल्या दिवशी काका प्रेशर वॉशर भाड्याने घेऊन आले.

"दहा मिनिटांत चकाचक करतो!"

काकू ट्रेलरला पाठ लावून उभ्याच राहिल्या. "एवढ्या जोराच्या पाण्याने खिडक्यांचं सील उखडेल, पाणी आत मुरेल. मऊ ब्रशने, हातानेच धुवायचा."

"अगं, तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय!"

"म्हणून शिडीवर तुम्ही चढा. साबणाचं पाणी मी करते."

"काही होत नाही गं, हे बघ," म्हणत काकांनी फवारा स्वतःच्याच मेलबॉक्सवर मारला. रंगाचे पापुद्रे उडाले, आडनावाची दोन अक्षरंही गेली.

मी बाजूला उभा राहून बघत होतो, मला हसू आवरेना. काकूंनी मात्र शांतपणे लांब दांड्याचा ब्रश पुढे केला. काकांनी मशीन बंद केलं.

"वरून सुरू करू की खालून?"

"वरून. पण छतावर पाय ठेवायचा नाही." मग काकू माझ्याकडे वळल्या. "आणि तू हसतोस काय? शिडी धर!"

यार, माझा अख्खा शनिवार गेला!