दुसरी बॅटरी

वहिनी – झालं? सगळं झालं म्हणता?

दीर – सगळं. बाराच्या बारा खांब उभे, अठ्ठेचाळीस बोल्ट आत, बोल्ट धरणारं केमिकल भरून मोकळा. उद्या शाळा उघडू दे नाहीतर आत्ता. तुम्ही फक्त खाली जाऊन मुख्याध्यापिकाबाईंना सांगा, गॅलरीचा कठडा तयार आहे म्हणून.

वहिनी – आणि मी वेडी धावत आले. दोन जिने एका दमात चढले.

दीर – एवढी कसली घाई?

वहिनी – ही बघा. दुसरी बॅटरी. माझ्या पिशवीत, डब्याच्या खाली. बोल्टांचे वायसर घेताना दुकानात हाताला लागली. म्हटलं, झालं! भाऊजी बंद ड्रिल मशीन मांडीवर घेऊन बसले असतील माझ्या नावाने खडे फोडत.

दीर – छे हो! पुरली की एकच.

वहिनी – एकच?

दीर – मशीन लाखात एक आहे आपलं.

वहिनी – मशीन चांगलंच आहे, चार वर्षं मी चालवतेय ते. सोळा एमएमचं बिट, पाच इंच खोल भोक. एका बॅटरीत अठ्ठावीस होतात. काँक्रीट मऊ लागलं तर तीस. तुम्ही अठ्ठेचाळीस कशी केलीत?

दीर – मध्ये थोडी चार्ज केली ना, पहारेकऱ्याच्या खोलीत.

वहिनी – कशाने? चार्जर घरी ओट्यावर आहे. सकाळी मी त्याच्याशेजारी पोळ्या लाटल्या.

दीर – वहिनी, तुम्ही पण ना! काम झाल्याशी मतलब.

वहिनी – आणि पेटीवरची ही तुमची वापरलेली बॅटरी बघा, चार्जचा एक दिवा अजून पेटतोय हिच्यात. म्हणजे अठ्ठेचाळीस भोकं पाडून हिला अजून दम आहे. भाऊजी, मशीन द्या इकडे.

दीर – पेटीत भरलंय आता. राहू द्या ना, घरी गेल्यावर बघा.

वहिनी – द्या म्हणते ना. ही बाजूची मापाची दांडी बघा. मी काल पाच इंचावर आवळून ठेवली होती. आता किती आहे? तुम्हीच वाचा.

दीर – सरकली असेल. धक्क्याने सरकते ती.

वहिनी – धक्क्याने सरकून बरोब्बर अडीचवर थांबली? शहाणी आहे हो दांडी! आणि पेटीत ही चिंधीची पुरचुंडी कसली?

दीर – ती नका सोडू. कचरा आहे.

वहिनी – अगं बाई. बोल्टांची बुडं! ग्राइंडरने कापलीत. अर्धे अर्धे केलेत तुम्ही बोल्ट.

दीर – वरून एकसारखे दिसतात की नाही? मग! आणि केमिकल दगडासारखं धरतं हो. हत्ती बांधा.

वहिनी – हत्ती राहू दे. तुम्ही टेका.

दीर – काय?

वहिनी – पाठ टेका कठड्याला. उद्या मधल्या सुट्टीत साठ पोरं एकदम टेकणार आहेत, ढकलाढकली करणार आहेत. तुम्ही एकटे टेका.

(दीर कठड्याकडे बघतो, खाली फरशीकडे बघतो, पण जागचा हलत नाही.)

वहिनी – नाही ना होत हिंमत?

दीर – स्लॅबमधली सळई लागत होती, वहिनी! अडीच-तीन इंचावर सगळीकडे सळई. काल चाचणीचं भोक पाडलं तेव्हाच लागली. मी एकटा काय करणार होतो?

वहिनी – काल? काल मी इथेच होते. बाईंच्या खोलीत आराखडा दाखवत बसले होते. मला हाक का नाही मारलीत?

दीर – दादाला विचारलं.

वहिनी – खोटं. ते असलं काही सांगणार नाहीत.

दीर – शप्पथ.

वहिनी – थोरल्या भावाच्या नावावर खापर फोडताना लाज वाटू द्या जरा! बोल्ट उचलायच्या आधी भोक मोज, हे मला त्यांनी शिकवलंय. थांबा, फोनच लावते. तुमच्यासमोर... हॅलो? अहो, मी बोलतेय. शाळेतून.

नवरा – बोल. वायसर मिळाले?

वहिनी – मिळाले. तुमचे भाऊ म्हणतात, बोल्ट कापायला तुम्ही सांगितलंत. तुम्ही नाही म्हणा, म्हणजे मी यांना काय ते बोलते.

नवरा – अगं, ऐक आधी.

वहिनी – नाही म्हणा ना.

नवरा – जुना स्लॅब आहे. खांब सरकवायचे म्हणजे त्यांच्या बुडाच्या प्लेटा नव्याने करायच्या, चार दिवस गेले असते. शाळा उद्या उघडतेय. तुझ्या सहीचं हे पहिलं काम. उशीर झाला असता तर लोक म्हणाले असते, बाईमाणसाला दिलं की असंच होतं. मला ते ऐकायचं नव्हतं.

वहिनी – म्हणजे माझ्यासाठी केलंत.

नवरा – तुझ्यासाठीच. दुसरं कोण आहे मला?

वहिनी – आणि सकाळी वायसर आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला धाडलंत, तेही माझ्यासाठीच? मी म्हटलं, जवळच्या दुकानात मिळतात. तुम्ही म्हणालात, तिथले गंजतात.

नवरा – तू असतीस तर करू दिलं नसतंस.

वहिनी – नसतंच दिलं! तुमचा खांदा गेला आणि मशीन माझ्या हाती आलं तेव्हा माझ्या मागे उभं राहून कोण सांगत होतं, जोर लावू नकोस, मशीनला खाऊ दे, सळई लागली तर भोक बदल पण माप बदलू नकोस? मला ते पेलायचं नाही. तुम्ही माझ्या कोपराखाली तळवा धरायचात. त्या माणसाने माझ्या सहीखाली अडीच इंचाची भोकं पाडायला लावली. परक्याने केलं असतं तर मी भांडले असते. तुमच्याशी मी काय भांडू? मला रडूसुद्धा येत नाहीये.

नवरा – तुला कळलं कसं पण?

वहिनी – बॅटरीमुळे. दुसरी माझ्या पिशवीत होती.

नवरा – माझ्याकडून गेली ती. रोजच्यासारखी रात्री भरली आणि सकाळी डब्याखाली ठेवली. आज मशीन तू धरणार नाहीस, हे लक्षातच आलं नाही.

वहिनी – चार वर्षं ठेवताय.

नवरा – मग? तुझं कुठे अडू नये म्हणून.

वहिनी – हो. माहीत आहे मला.

दीर – वहिनी, वर चढतंय कोणीतरी. बाईच असतील. आता काय सांगायचं? गप्प राहिलात तर अजून काही बिघडलेलं नाही.

वहिनी – खरं सांगायचं. गॅलरीच्या दाराला कुलूप, चार दिवस. तुम्ही खांब उतरवायला घ्या. मी नव्या खुणा करते, सळई चुकवून. ही भरलेली बॅटरी लावा मशीनला.

नवरा – मी येऊ का तिकडे? नुसता बसेन.

वहिनी – नको.

नवरा – मग रिकामी झालेली घरी पाठव. रात्री भरून ठेवतो.

वहिनी – राहू द्या. आजपासून माझी बॅटरी मी भरीन.