ढच्या पुढचं अक्षर

नाही, तो टॉवेल राहू द्या तिथंच. आरशाला काही झालेलं नाही — म्हणजे झालंय, त्या कोपऱ्यातला पारा उडालाय, बघायला बरं दिसत नाही, म्हणून टाकलाय वरून. तुमचं तोंड दिसतंय ना तुम्हाला? मग झालं तर. टेका मागं. अंग सैल सोडा की — खुर्ची जुनी आहे, करकरते, पण पाडत नाही कुणाला.

दाढीच ना? नक्की? नाही, आपलं विचारलं. साबण लावायच्या आधी मी गालावरून हात फिरवतो, सवय आहे हाताला, आणि आज हाताला काही लागतच नाहीये. सकाळीच केलेली दिसते. घरीच केलीत, हनुवटीखाली कापलंय बघा. आता सकाळी दाढी केलेला माणूस दुपारी परत दाढी करायला का येईल? येतो कधी, नाही असं नाही. लग्नाचा मुलगा येतो. पण राग मानू नका, तुमचं ते वय गेलं. आणि आत यायच्या आधी तुम्ही दारावरून पुढं गेलात, परत आलात, परत पुढं गेलात, त्या पानवाल्यापाशी उगाच थांबलात — मी बघत होतो. मला वाटलं, पत्ता शोधतायत कुणाचा. पण पत्ता शोधणारा माणूस विचारतो, आणि तुम्ही काही विचारलं नाहीत. असू दे. गिऱ्हाईक आहात, खुर्चीत बसलात, मी साबण लावणार. आता मात्र बोलू नका हं, तोंडात जाईल.

कुणी पाठवलं तुम्हाला? — बोलू नका म्हटलं ना. मानही हलवू नका, वस्तरा आहे. असं करा, हो असेल तर डोळे मिटा. बाईंनी पाठवलं का? ... मिटलेत की साबण गेला डोळ्यात? थांबा, पुसतो. तुमच्या डोळ्यांवरून काही कळत नाही बुवा.

बाई म्हणजे आमच्या वर्गाच्या बाई. तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मुलांची शाळा सुटली की संध्याकाळी त्याच बाकांवर आम्ही थोराड माणसं बसतो, अक्षरं शिकायला. बाक एवढे बुटके, की गुडघे हनुवटीला लागतात आणि उठताना शेजाऱ्याचा खांदा धरावा लागतो. बाई माझ्या नातीच्या वयाच्या. चांगल्या आहेत, मला काका म्हणतात. शाळेत गेलो नाही हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. माझ्या बापानं हातात कात्री दिली, मी ती धरली, पोट भरलं. आता या वयात कशाला जातोस म्हणून मुलगा हसला, तर म्हटलं, हस बाबा. घरातलं हसणं वेगळं असतं. ते माणसाला लागत नाही — म्हणजे लागतं, पण जेवायच्या वेळेपर्यंत विरतं.

डावा गाल करा. असा.

तर त्या दिवशी बाईंनी ढ शिकवला. ढ म्हणजे माहीत आहेच तुम्हाला काय म्हणतात ते — बाईच म्हणाल्या, वर्गात ढ फक्त फळ्यावर आहे, बाकांवर कुणी नाही. सगळे खूश. आणि मग म्हणाल्या, कुणाला एखादा अख्खा शब्द आधीपासून येतो का, कुठं बघून पाठ झालेला? आणि माझा हात वर गेला. मी केला नाही हो, तो आपणहून गेला. कारण मला येत होता. आमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडं, कापडाचं दुकान आहे. त्याच्यावर पाटी आहे, मोठ्या लाल अक्षरांत, कापड. इथं उभा राहून उभा जन्म गेला माझा. हाताखाली गिऱ्हाइकाचं डोकं आणि वर बघितलं की ती पाटी. एकेक वळण पाठ. त्यात एक प आहे, आणि प शिकवायला बाईंना अजून अवकाश होता — कळतंय ना तुम्हाला, वर्गाच्या पुढं होतो मी, एका अक्षरानं का होईना. खडू घेतला, आधी वरची रेघ ओढली, कानापुढं कलमाची कड धरतो तशी सरळ, आणि तिच्याखाली सगळी अक्षरं सोडली. घाई केली नाही. चांगली निघाली होती.

मागं कुणीतरी हसलं. नाकातून, फुस्स करून, डाव्या बाजूच्या बाकांवर. मग सगळे. मग त्याच बाजूनं आवाज आला, "काका, शिवण बाहेर आली." म्हणजे कापड उलटं घातलंत, असं. विनोद चांगला होता, मी नाही म्हणत नाही. बाई पाठमोऱ्या झाल्या, त्यांचे खांदे हलत होते. त्यांनाही दोष देत नाही मी, लहान आहेत. मग त्यांनी माझ्या शब्दाच्या शेजारी आपला शब्द लिहिला. आणि खरं सांगू, मला वाटलं, बाईंचंच चुकलं. क आणि ड वर्गात गिरवले होते खरे, पण अख्खा शब्द म्हटला की हात पाटीवरच्या वळणानंच जायचा.

मी काय केलं? ओरडलो नाही. पळालो नाही. "बाई, पुसू का?" विचारलं, आणि फळा पुसला, माझ्या बाजूचा तेवढा. आपण पाडलेले केस आपण झाडायचे, तसं. मग चालत मागच्या बाकावर आलो, बसलो, आणि वर्ग सुटेपर्यंत बसून राहिलो. मधेच उठलो असतो ना, तर ते खरंच हसण्याजोगं झालं असतं. बाईंनी विचारलं, काका, पाणी हवं का. म्हटलं, नको, तहान नाही. घरी जाऊन तांब्या रिकामा केला.

सकाळी दुकान उघडायच्या आधी रस्त्यात उभा राहिलो आणि मान वर करून पाटी बघितली. आयुष्यात पहिल्यांदा, असंच म्हणायचं. मी खाली बघून चालणारा माणूस, पाटीकडं मान वर करून कोण बघतो? मग आत आलो आणि इथं, या आरशात बघितलं. कळलं? मी जन्मभर आरशात बघत होतो. पाटी माझ्या पाठीमागं, आरसा पुढं. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. डोकी आरशात कितीही बघा, काही बिघडत नाही. अक्षरांचं तसं नसतं, हे मला कुणी सांगायचं? मग पाटी दिसते त्या कोपऱ्यावर तो टॉवेल टाकला. — हां, पारा उडालाय असं म्हणालो होतो मघाशी. उडालाय थोडा. पण टॉवेल त्याच्यासाठी नाही.

मान वर करा. घशापाशी आलोय, आता गिळूसुद्धा नका.

वर्गाला गेलो नाही त्यानंतर. गुडघा दुखतो. म्हणजे बाईंनी निरोप धाडला तेव्हा गुडघ्याचं सांगितलं, मुलाला गिऱ्हाइकांचं सांगितलं. आणि घरी — घरी काहीच सांगितलं नाही. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, तुम्ही कुणाला बोलणार नाही, वस्तऱ्याखाली आहात. वर्गाला मी एकटा जायचो, पण शिकत होतो आम्ही दोघं. हिचे पाय सुजतात, शाळेचा जिना चढवत नाही. म्हणून मी शिकून यायचं आणि हिला शिकवायचं. ताटात पीठ पसरते, आणि मी सांगेन तसं बोटानं काढते. तिचा झ माझ्यापेक्षा चांगला येतो. तिच्यासमोर मी मास्तर, बरं का. तर आता संध्याकाळ झाली की मी वर्गाला म्हणून निघतो, इथं येतो, दार अर्धं ओढून घेतो आणि याच खुर्चीत बसून राहतो. वर्ग सुटायच्या सुमाराला घरी. ती ताट घेऊन बसलेलीच असते. "आज काय झालं?" म्हटलं, ढ. दुसऱ्या दिवशी? ढ. बाई म्हणाल्या, अजून पक्का करा. ती गिरवते. एवढा ढ गिरवलाय तिनं, की पोळपाटाशी बसली तरी बोट आपणहून वळतं. काल म्हणाली, "ढच्या पुढं काही आहे की नाही? का जग तिथंच संपलं?" आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. तेव्हापासून मला संशय आहे, की तिला कळलंय. कापडवालाही हल्ली आपल्या पाटीकडं बघतो आणि मग माझ्या दुकानाकडं बघतो. आणि आज तुम्ही, गुळगुळीत गाल घेऊन. हिनं तर नाही ना पाठवलं तुम्हाला? डोळे मिटू नका, राहू द्या. तुमचा भरवसा नाही.

मी तुम्हाला ओळखलंय. चादर बांधली गळ्याला तेव्हाच. माणसाची तोंडं माझ्या लक्षात राहत नाहीत, मला मागून दाखवा. तुमच्या डोक्याला दोन भोवरे आहेत, आणि कानाच्या पाळीमागं भिंतीच्या रंगाचा ठिपका — रंगारी ना तुम्ही? धुताना तिथं हात पोचत नाही कुणाचा. वर्गात डावीकडं, माझ्या पुढच्या बाकावर बसता. फळा पुसून मी जागेवर आलो तेव्हाही तुमचे कान हलत होते. हसू दाबलं की तुमचे कान हलतात, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

हलू नका. हलू नका म्हणतो ना, मी काही करत नाहीये. हात थरथरतोय का माझा? नाही ना. मग.

मी पुष्कळ विचार केला, याला हसायला काय झालं. या खुर्चीत बसून दुसरं काम काय होतं मला? मग आठवलं, की कान हलत होते आणि मान घामानं चिंब होती. गार होती हो संध्याकाळ. एकानं हात वर केला, की बाई तिथून पुढं एका ओळीनं बोलावत जातात. माझ्यानंतर तुमचा नंबर होता. बरोबर? तुम्हाला शब्द येत नव्हता. काका पडला तर आपल्याकडं कोण बघतंय, म्हणून आधी हसून घेतलंत. बघा, आत्ताही घामच आलाय. साबण वाहतोय त्यानं.

मी काही मागत नाही तुमच्याकडं. माफीबिफी तर नकोच, त्यानं मला जास्त अवघडल्यासारखं होईल. एवढंच सांगा — नाही, आत्ता नका सांगू, नाकाखाली आलोय — ढच्या पुढं काय असतं?

... काय म्हणालात? ओठ न हलवता बोललात की. परत म्हणा. ण? बाणातला? असं होय. वस्तऱ्याखाली म्हणता येण्यासारखं अक्षर आहे म्हणजे. ण. बरं आहे. कसा काढतात तो — अहो हात बाहेर काढू नका, चादरीवर साबण सांडलाय. आणि आरशावर तर मुळीच नको. या आरशावरून शिकून झालं माझं. शिवाय तुमच्या हातचा ण मी घरी न्यायचा, आणि तो उलटा निघाला तर? तुम्ही मुद्दाम कराल असं नाही म्हणत. पण म्हटलं नाही, म्हणजे आलं नाही मनात, असंही नाही. नको. मी फळ्यावरच बघेन. आज संध्याकाळी. बाईंनी लिहिलेला.

झालं. तुरटी लावतो, सकाळी घरी कापलंत तिथं चुरचुरेल. तोंड पुसायला — दुसरा टॉवेल वाळत घातलाय. तो द्या इकडं, आरशावरचा. द्या. पुसा नीट. आरशात काय बघताय, मी बघतोय ना, स्वच्छ झालीय. होतं काय तिथं स्वच्छ व्हायला.

खिशात हात घालू नका, केसच नव्हते तर कसले पैसे घेऊ? उठा आता. मला दुकान लवकर बंद करायचंय, घरी सांगून यायचंय, ताटात पीठ नवीन घे म्हणून. आणि एक. जागा बदलू नका, पुढच्याच बाकावर बसा. मी मागं असेन. कान दिसले पाहिजेत मला.

दार ओढून घ्या जाताना.