रविवारी काढू ना

ऐक ना यार, त्या कॅमेऱ्याने माझी पार वाट लावली. स्क्रीनवर आडव्या-उभ्या रेघा लावून, श्वास रोखून फोटो काढायचो, तरी जरासा तिरपा यायचाच. नाहूरच्या घरी वडिलांचा काढला, तोही तसाच.

अप्पा म्हणजे दुसऱ्याच्या घरचं कॅलेंडरही सरळ करूनच बसणारा माणूस. म्हणाले, "परत काढ."

म्हटलं, "रविवारी काढू ना."

रविवारच्या आत अप्पा गेले. स्टुडिओवाला म्हणाला, "सरळ केला तर कान कापला जाईल." मग तसाच फ्रेम करून हार घातला.

आता आई रोज फ्रेम तिरपी करते, म्हणजे अप्पा सरळ दिसतात. पाहुणे येतात आणि बसायच्या आधी, अगदी अप्पांसारखेच, फ्रेम सरळ करतात.

अप्पा परत वाकडे.