हयात माणसाचं नाव देता येत नाही!

...आणि म्हणे, हयात व्यक्तीचं नाव देता येत नाही! माझं काही म्हणणं नाही, पण तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी त्या बागेत माळी होतो, तळ्याकडून मागच्या फाटकाकडे जाते ना ती वाट, तिच्या दोन्ही अंगांची बेचाळीस झाडं या हातांनी लावलीत, बादल्या वाहून वाहून खांदा कायमचा उतरलाय... बरं, ते राहू द्या. आता बाग नवीकोरी झाली, फरशा काय, दिवे काय, नि प्रत्येक वाटेला नाव, नावाची पाटी! रोज फिरायला येणाऱ्यांनी सह्या करून दिल्या, या वाटेला माळीकाकांचंच नाव द्या. मी मागितलं होतं का? मुळीच नाही. पण आनंद झाला हो, दोन रात्री झोप नाही! पेंटर तर असा उतावळा, त्यानं पाटी रंगवूनही टाकली.

आणि मग उद्यान खात्यातला कारकून, चष्मा कपाळावर सरकवून, "काका, अर्ज उत्तम आहे, फक्त नियम सतरा आडवा येतो. व्यक्ती हयात नसावी." मी म्हटलं, "मग?" तर म्हणतो, "मग काही नाही, फाइल उघडी ठेवतो, तुम्ही सावकाश या." सावकाश या म्हणजे? कुठून?

माझं काही म्हणणं नाही, पण त्या दिवसापासून जो तो माझी तब्येत विचारायला लागला. मला साधा ठसका लागला, तर सह्या करणाऱ्यांतले ते काठीवाले आजोबा लगबगीनं जवळ, "छातीत दुखतंय का?" म्हटलं, नाही, शेंगदाणा अडकला. "असं होय..." चेहरा एवढासा! पेंटर म्हणाला, "रंगाची गॅरंटी पाच वर्षं आहे काका, त्याच्या आत जमवा." जमवा! बायकोला सांगितलं, तर ती कणीक मळता मळता, "तुमचं मेलं प्रत्येक बाबतीत उशिराच!" पण मनातून घाबरली असणार, दुसऱ्या दिवशी ओढत डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहात, वीस वर्षं काळजी नाही. तिनं डोळे पुसले. बाहेर पेंटर उभा. "किती म्हणाले?" "वीस." "अरेरे..."

आता उद्घाटन आलं तोंडावर, वाट बिननावाची कशी ठेवायची? बागेच्या समितीच्या अध्यक्षांनी आपले सासरे सुचवले. सासरे कोण? तर ज्यांनी जन्मात या बागेत पाऊल टाकलं नाही, फुलाच्या वासानं ज्यांना शिंका यायच्या! पण नियमात चोख बसत होते, वारून तीन वर्षं झाली होती. झालं! पेंटरनं टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, माझं नाव पुसलं आणि त्याच पाटीवर सासरे चढवले. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं, घरी येऊन जेवलो नाही.

परवा कारकून स्वतः दारात. "काका, तुमच्या झाडांवर पाखरं फार, सासऱ्यांची पाटी रोज घाण होते, पुसायला कुणीतरी भरवशाचं हवं. अध्यक्षांनी तुमचंच नाव सुचवलंय."

माझं काही म्हणणं नाही. जातो रोज सकाळी फडकं घेऊन. त्या कामाला मात्र, तुम्हाला सांगतो, माणूस हयातच लागतो!